क्रूझचं स्टेटस आणि शेजारची केबिन

२०२४ च्या जानेवारीत आम्ही फ्लोरिडातल्या टॅम्पाहून सात रात्रींच्या क्रूझला गेलो तेव्हा पहिल्यांदाच असं झालं की शेजारच्या केबिनमधे आमचाच मित्र होता. म्हणजे मजला एकच, भिंतीला भिंत, साफसफाईला माणूस एकच, रात्री जेवायला टेबल एकच आणि वेटर पण एकच. फरक एवढाच की आमची ती पंधरावी क्रूझ आणि मित्राची आणि वहिनींची पहिली. आमच्याकडे त्या कंपनीचं वरच्या पायरीचं लॉयल्टी स्टेटस (एकाच कंपनीकडे परत परत गेलं की मिळतं ते), त्यांच्याकडे काहीच नाही. बरेच जण मला विचारतात की इतक्या वर्षांत स्टेटस कमावलंत, तर सर्विस खरंच चांगली मिळते का, की नुसत्या चार गोष्टी फुकट मिळतात? आणि मी आजवर काहीतरी मोघम सांगायचो, कारण तुलना करायला माझ्याकडे काही नव्हतंच, आपण आपल्या केबिनमधे असतो, शेजारच्याला काय मिळतंय ते आपल्याला कुठे कळतं. त्या आठवड्यात कळलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे एकदोन तक्रारी आहेत आणि मला कोणाची बदनामी करायची नाहीये, जे झालं ते नीट सांगायचंय फक्त.

पण आधी २०१२ सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमची पहिली क्रूझ २०१२ च्या थँक्सगिव्हिंगला. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. त्याच वर्षी जानेवारीत इटलीजवळ कॉस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज कलंडलं होतं आणि आईने ते टीव्हीवर पाहिलेलं, त्यामुळे तिची यायची अजिबात तयारी नव्हती. दुसरी काळजी खाण्याची. ती कांदालसूण पण खात नाही, तर जहाजावर सात दिवस मी काय फळं खाऊन राहू का, असं तिचं म्हणणं. कसंबसं समजावून नेलं. तर केबिनमधे बॅगा ठेवतोय तोवर दारात एक मुलगा आला, पंचविशीचा असेल, म्हणाला मी तुमचा रूम स्टुअर्ड. आम्ही आपापसात मराठी बोलतोय हे ऐकून चेहरा असा खुलला त्याचा, म्हापशाचा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला, "आजी, च्या हाडूं?" बास, आईची काळजी तिथेच संपली. त्यानेच जाऊन डायनिंग रूमच्या हेड वेटरला सांगितलं, तो केरळचा होता, आणि तिसऱ्या रात्रीपासून आईसमोर बिनकांद्याचं वरण, भात, एक भाजी आणि गरम रोटी. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: बहुतेक मोठ्या जहाजांवर किचनमधे भारतीय कुक असतातच, आदल्या रात्री हेड वेटरला सांगून ठेवलं तर भारतीय शाकाहारी जेवण मिळतं, आणि त्याला कुठलंच स्टेटस लागत नाही.) तो मुलगा दिवसातून दोनदा खोली आवरायचा, रात्री टॉवेलचे हत्ती माकडं करून ठेवायचा, माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची, ती त्याची वाट बघत बसायची. आमच्या खात्यावर तेव्हा शून्य रात्री होत्या. क्रूझवर इतकी चांगली सर्विस त्यानंतर मला एकदाही मिळालेली नाही, हे मी पंधरा क्रूझनंतर सांगतोय.

त्या क्रूझनंतर घरी ईमेल आला की अभिनंदन, तुम्ही आता आमचे सदस्य. आणि मग सुरू झालं ते. आम्ही फ्लोरिडात राहतो, बंदर घरापासून पाऊण तास, विमानाचं तिकीट नाही, फ्लोरिडाच्या रहिवाशांसाठी वेगळे कमी दर निघतात, त्यामुळे वर्षाला एक तरी क्रूझ व्हायचीच, कधी चार रात्रींची कधी सातची. २०२० च्या मार्चमधे जहाजं बंद पडली ती २०२१ च्या उन्हाळ्यात हळूहळू सुरू झाली, तेवढा खंड. बाकी अकरा वर्षं आम्ही एकाच कंपनीला धरून राहिलो आणि रात्री मोजत राहिलो.

रात्री मोजणं म्हणजे काय ते सांगतो. क्रूझ कंपन्यांचं साधारण असं असतं की जितक्या रात्री जहाजावर काढाल तितके पॉइंट. रॉयल कॅरिबियनचं क्राउन अँड अँकर आहे, त्यात एका रात्रीला एक पॉइंट, स्वीट म्हणजे मोठी महागडी खोली घेतलीत तर दोन. ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमरल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं माणूस समुद्रावर पाहिजे. प्रिन्सेसमधे वरच्या पायरीचं एलिट मिळायला पंधरा क्रूझ किंवा दीडशे दिवस पुरे व्हावे लागतात. कार्निव्हलची जुनी पद्धत ७५ ला प्लॅटिनम, २०० ला डायमंड अशी. आणि विमान कंपन्यांसारखं दरवर्षी परत शून्यापासून नाही, एकदा मिळालं की बहुतेक ठिकाणी आयुष्यभर राहायचं, लोकांना ओढ लागते ती याचीच. आता तेही बदलायला लागलंय. कार्निव्हलने २०२५ च्या जूनमधे जाहीर केलं की जून २०२६ पासून रात्रींऐवजी तुम्ही खर्च किती करता ते बघणार. माझ्या ओळखीतल्या एका काकांना ते वाचून फार वाईट वाटलं, वीस वर्षं स्वस्तातल्या आतल्या खोल्या घेऊन घेऊन त्यांनी त्या रात्री जमवल्या होत्या.

तर २०२४. बंदरावरच पहिली अडचण. आम्हाला प्राधान्याची वेगळी रांग, मित्राला साधी. आता चौघं एकत्र आलोय आणि आम्ही दोघं तिकडे जाऊन काय करणार, चढून वर एकटे बसणार का? साध्या रांगेतच उभे राहिलो आणि खरं सांगतो साधी रांग लवकर सरकत होती, कारण फ्लोरिडातून सुटणाऱ्या जहाजावर, त्यातही जानेवारीत, अर्धे लोक रिटायर झालेले आणि पाचपंचवीस क्रूझ केलेले असतात, प्राधान्याच्या रांगेतच गर्दी. टॅम्पाला जहाजं पण लहान लागतात, कारण बाहेर पडायला सनशाइन स्कायवे पुलाखालून जावं लागतं आणि पुलाची उंची पाण्यापासून साधारण १८० फूट, नवीन अवाढव्य जहाजं त्याखालून जाऊच शकत नाहीत. जहाज लहान, वरच्या स्टेटसचे लोक जास्त, मग स्टेटसवाल्यांसाठी राखलेली जागा कमी पडणार हे उघड आहे. (पुलाखालून जाताना मात्र वरच्या डेकवर जाऊन उभं राहावंच, जहाजाचं धुराडं पुलाला घासणार असं शेवटपर्यंत वाटत राहतं, वहिनींनी डोळे मिटून घेतले.)

केबिनमधे गेलो तर आमच्याकडे टेबलावर स्वागताचं पत्र, पाण्याच्या बाटल्या, कपडे धुवायला एक मोठी पिशवी फुकट, कार्डावर रोजचे ठराविक ड्रिंक्स, एक दिवसाचं वायफाय. शेजारी काही नाही. खोल्या मात्र डिट्टो सारख्या, गादी सारखी, टॉवेल सारखे.

स्टुअर्ड बालीचा होता. फार कष्टाळू माणूस. कोविडनंतर बऱ्याच कंपन्यांनी खोली आवरायचं दोनदाचं एकदावर आणलंय आणि त्या बदल्यात प्रत्येकाकडे खोल्या वाढवल्यात. त्याच्याकडे आमच्या बाजूच्या वीसबावीस खोल्या होत्या. मी तिसऱ्या दिवशी त्याला विचारलं की तुला कळतं का कोण कुठल्या पायरीचं आहे. म्हणाला हो, यादीत दिसतं, काहींच्या खोलीत बाटल्या आणि पत्र ठेवायचं असतं म्हणून. पण सर, एका खोलीला माझ्याकडे मिनिटं तेवढीच आहेत, पहिल्यांदा आलेल्याला पण आणि शंभरदा आलेल्याला पण. हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता हां, सहज सांगत होता, हातातली चादर घडी घालत. मला ते वाक्य पूर्ण आठवडाभर आठवत राहिलं. जहाजावरचे हे लोक सहा सहा, नऊ नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर असतात, आठवड्याची सुट्टी नाही. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्या. म्हणजे किमान तेवढी द्यावी लागते, हे नियमात लिहायला लागतं, यावरून काय ते समजा. स्टेटसमुळे कंपनी त्याच्या दिवसात एक मिनिट पण वाढवत नाही. मग माझ्या खोलीला जास्त सर्विस तो कुठून आणणार?

चौथ्या रात्री एसी गेला. आमच्याकडच्या चारपाच केबिनचा एकदमच गेला असावा. मित्राने रात्री नऊला फोन केला, आम्ही शो बघून दहाला आलो तेव्हा केला. मला मनातून वाटलं, आता कळेल स्टेटसचं. टेक्निशियन सकाळी आला आणि आधी मित्राच्या खोलीत गेला, कारण त्याची तक्रार आधी नोंदली गेली होती. नंतर आमच्याकडे आला, पार्ट बदलायला लागेल म्हणाला, तो दिवस गेला, दुसरी रात्र पण उकाड्यातच काढली, बायकोला तर झोपच नाही. मधे संध्याकाळी दार वाजलं. मला वाटलं एसीवाला. तर रूम सर्विस, चॉकलेटमधे बुडवलेल्या स्ट्रॉबेरीची डिश आणि एक कार्ड, की तुमच्यासारख्या निष्ठावान पाहुण्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. शेजारी स्ट्रॉबेरी नाही गेली. त्यांच्या खोलीत एसी चालू होता आणि आमच्या खोलीत डिश होती. ती डिश बायकोने उचलून वहिनींना दिली आणि आम्ही चौघांनी त्यांच्याच गार खोलीत बसून खाल्ली. मला त्या रात्री वाईट वाटलं, एसीचं तर होतंच, पण जास्त याचं वाटलं की अकरा वर्षांनी आपल्या वाट्याला काय येतं तर डिश. माझी काहीच अपेक्षा नव्हती की मला आधी घ्या, ज्याने आधी फोन केला त्याच्याकडे आधी जायला हवं हे बरोबरच आहे. पण मग त्या कार्डावर निष्ठावान वगैरे लिहू नये.

डायनिंग रूमचं सांगायला फारसं काही नाही. वेटर एक, टेबल एक, चौघांना सारखंच. उलट वहिनी त्याच्याशी जास्त गप्पा मारायच्या, त्याच्या मुलीचे फोटो बघायच्या, तर तिसऱ्या दिवसापासून वहिनींची कॉफी न सांगता यायची, माझी सांगितल्यावर.

ड्रिंक्सचं मात्र सांगायला हवं कारण स्टेटसमधे लोकांना सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच. पूर्वी बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी दोनचार तास स्टेटसवाल्यांच्या लाउंजमधे मिळायचं, तिथे इतकी गर्दी व्हायला लागली की रॉयल कॅरिबियनसारख्यांनी ते कार्डावरच टाकलं, कुठल्याही बारवर जाऊन घ्या. डायमंडला दिवसाला चार. पिणाऱ्या जोडप्याला याचे खरेच पैसे वाचतात, एक कॉकटेल तेराचौदा डॉलर आणि वर अठरावीस टक्के टिप, हिशोब करा. बायको घेतच नाही, मी एखादी बियर, बाकी कॅपुचिनोवर संपवायचो. एक गोष्ट मनापासून सांगतो, कार्डावरचं फुकटचं ड्रिंक असलं की त्यावर ती आपोआप लागणारी टिप लागत नाही, म्हणजे बारवाल्याच्या हातात काही पडत नाही. मी खिशात एकेक डॉलरच्या नोटा ठेवतो. सगळ्यांनी ठेवाव्यात असं मला वाटतं.

लाउंजमधे मला एक गोष्ट दिसली जी मला अजून खुपते. एक गृहस्थ, खूप रात्री झालेले, कार्ड नाचवत तिथल्या मुलीला म्हणत होते, मी कोण आहे हे तुला माहीत आहे का? कशासाठी तर चीजच्या तुकड्यांची ताटली रिकामी होती म्हणून. ती मुलगी एकटी, माणसं साठसत्तर, ती बिचारी सॉरी सर सॉरी सर करत आत पळाली. स्टेटसने काही माणसांचं असं होतं, आणि मला भीती वाटली की आपलंही थोडं थोडं झालंय का, कारण आदल्या रात्री एसीच्या वेळी माझ्या मनात पहिला विचार तोच आला होता.

मधे मध्य अमेरिकेतलं बेलीझ लागलं, तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, तिथे कोरल रीफ आणि उथळ पाणी, लांब नांगर टाकतात आणि लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. तिथे वरच्या स्टेटसला आधी बोट मिळते. हा फायदा खरा आहे, मी नाकारणार नाही, ज्यांना तिकडचे प्राचीन माया लोकांचे अवशेष बघायला लांब जायचंय त्यांना तासभर वाचतो आणि तो तास महत्त्वाचा असतो. आम्ही परत साध्या रांगेत. पण आई सोबत असती तर मी नक्की वापरला असता, वयस्कर माणसाला उन्हात, पायऱ्यांवर ताटकळत ठेवण्यापेक्षा.

आता धुकं. शेवटच्या दिवशी पहाटे बंदरात असायला हवं होतं, तर सहाला उठलो आणि बाहेर पांढरं फटक, बाल्कनीचा कठडा दिसेना. जानेवारी फेब्रुवारीत टॅम्पाला असं होतं. कॅप्टनने सांगितलं की चॅनेल बंद आहे, पायलट मंडळी (जहाजाला वाट दाखवत बंदरात आणणारे) जहाज आत घेणार नाहीत, थांबावं लागेल. समुद्रातून बंदरापर्यंत काही तासांची अरुंद वाट आहे ती, आणि मधे तो पूल. १९८० च्या मे महिन्यात वादळी पावसात समोरचं दिसेनासं झालं आणि एक मालवाहू जहाज जुन्या स्कायवे पुलाला धडकलं, ३५ माणसं गेली. इथे राहणाऱ्यांना ते माहीत असतं, म्हणून धुक्यात थांबलो याचा मला जराही राग आला नाही. धुकं स्टेटस बघत नाही, दोन हजार माणसं सारखीच अडकली. आम्हाला काय, पाऊण तासावर घर. पण मित्राचं दुपारी एकचं शिकागोचं विमान, दुसऱ्या दिवशी वहिनींची ड्यूटी, त्या नर्स आहेत.

मित्र सातला रिसेप्शनच्या रांगेत जाऊन उभा राहिला. रांग जिन्यावरून खालच्या मजल्यापर्यंत गेलेली. त्याचं वायफायचं पॅकेज आदल्या रात्री संपलेलं. तासाने मी बघितलं तर तो दहाबारा फूट सरकलेला. मग मी लाउंजमधे गेलो. तिथे कन्सीर्ज म्हणून, म्हणजे पाहुण्यांच्या अडचणी बघायला, एक बाई होत्या, फिलिपिन्सच्या. मी म्हटलं, प्रॉब्लेम माझा नाहीये, माझ्या मित्राचा आहे आणि त्याला स्टेटस नाही. त्यांनी एक सेकंद पण विचार केला नाही, त्यांना इथे घेऊन या म्हणाल्या. वहिनींना बसायला खुर्ची दिली, चहा दिला, स्वतःचा फोन लावून दिला, आणि मित्राने तिथे बसून संध्याकाळी आठच्या विमानाचं करून घेतलं. वीस मिनिटांत सगळं. दुपारी कंपनीने वायफाय सगळ्यांनाच मोकळं केलं, पण तोवर रांगेतल्या बऱ्याच जणांच्या फ्लाइट भरून गेल्या असतील. आम्ही शेवटी साडेतीनला धक्क्याला लागलो.

म्हणजे तिथे स्टेटसमुळे सर्विस मिळाली का? मिळाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मनापासून म्हणावंसं वाटलं की हो, ही सर्विस. पण मी नंतर गाडी चालवताना विचार करत होतो की नेमकं काय वेगळं होतं तिथे. रिसेप्शनवरची मुलं काय वाईट होती का? अजिबात नाही, पहाटे पाचपासून उभी होती. फक्त ती सहा जणं आणि समोर दोन हजार. लाउंजमधे एक बाई आणि त्या वेळी समोर पंधरावीस माणसं. त्यांच्याकडे आमच्यासाठी वेळ होता. म्हापशाच्या त्या मुलाकडे पण २०१२ मधे वेळ होता, खोल्या कमी होत्या, दिवसातून दोनदा तो आमच्या दारात यायचा, म्हणून त्याला आईच्या चहाचं कळलं आणि लक्षात राहिलं. बालीच्या माणसाकडे मन तेवढंच होतं, वेळ नव्हता. आणि त्याच लाउंजमधे संध्याकाळी साठसत्तर माणसं बसली की तीच सर्विस कोलमडायची, ते पण मी डोळ्यांनी बघितलं. एका माणसामागे किती माणसं, यावर सगळं आहे. मोठं स्वीट घेणाऱ्यांना खोली अजूनही दोनदा आवरून मिळते, वेगळं रेस्टॉरंट मिळतं, काही ठिकाणी बटलर असतो, कारण त्यांनी त्या वेळेचे पैसे मोजलेले असतात. मुक्कामाच्या रात्रींनी तो वेळ विकत मिळत नाही. रात्रींनी मिळते ती पिशवी, कॉफी, वायफाय आणि वेगळी रांग.

घरी आल्यावर बायकोने कागद घेतला. तिचा स्वभाव तसा आहे, ती अकाउंट्समधे आहे. आम्ही जे खरंच वापरतो, म्हणजे कॉफी, एखादी बियर, कपड्यांची पिशवी, एक दिवसाचं वायफाय, त्याची सात रात्रींची किंमत तिने दोघांची मिळून दोनशे डॉलरच्या आत काढली. आणि त्याच आठवड्यात, जवळजवळ त्याच बंदरांना जाणारी दुसऱ्या कंपनीची क्रूझ दोघांना मिळून चारशेने स्वस्त होती, जी आम्ही बघूनही घेतली नव्हती, का तर रात्री वाया जातील. पैशांचं मला एवढं नाही वाटलं. पण मग ती म्हणाली, ग्लेशियर बे राहिलं ना आपलं. तेव्हा मात्र लागलं. अलास्कातलं ग्लेशियर बे तिला बघायचं होतं २०१९ पासून. तिथे नॅशनल पार्कवाले दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात आणि त्याचे परवाने मोजक्या कंपन्यांकडे आहेत, आमच्या कंपनीची जहाजं तिथे जात नव्हती. आणि मी दरवेळी म्हणायचो, थांब, पुढच्या पायरीला एवढ्याच रात्री राहिल्यात, ते झालं की जाऊ. चार वर्षं मी तिला असं थांबवलं. कुठल्या कंपनीने नाही थांबवलं, मी थांबवलं.

२०२५ च्या जूनमधे गेलो. सिएटलहून, वेगळी कंपनी, खात्यावर शून्य. स्वागताचं पत्र नाही, पिशवी नाही. सामानातली एक बॅग रात्री नऊपर्यंत खोलीत आली नाही, तिचा टॅग फाटला होता, तर स्टुअर्ड स्वतः खाली जाऊन शोधून घेऊन आला आणि वर म्हणाला, तुम्ही जेवायला जाताना थंडीचे कपडे नसतील म्हणून घाई केली. जेवणात हेड वेटरला पहिल्याच रात्री सांगितलं, दुसऱ्या रात्रीपासून डाळ आणि छोले. ग्लेशियर बेच्या दिवशी सकाळी पार्कचे रेंजर जहाजावर चढले आणि स्पीकरवरून माहिती सांगायला लागले, पुढचा डेक सगळ्यांसाठी उघडला होता. थंडी मरणाची, बायकोने माझी कानटोपी पण घातली होती. मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज तासभर थांबलं, आवाज एवढा शांत की कोणी बोलत पण नव्हतं, आणि मग बर्फाचा एक कडा सुटला, आधी दिसला आणि दोनतीन सेकंदांनी आवाज आला, पाऊस सुरू व्हायच्या आधी लांबून ढग गडगडतात तसा. ती रडत होती. मी काही बोललो नाही.

जुन्या कंपनीवर आमचा बहिष्कार वगैरे काही नाही. आईला परत न्यायचं झालं तर मी बेलीझसाठी, बोटीच्या त्या रांगेसाठी कदाचित त्यांच्याकडेच बुकिंग करीन, कन्सीर्जबाई असतील तर उत्तमच. पण आता रात्री मोजत नाही, जहाज कुठे जातंय ते आधी बघतो. ज्यांचं स्टेटसच्या जवळ आलंय आणि केवळ त्यासाठी एखादी नको असलेली क्रूझ करायचा विचार आहे त्यांनी एकदा घरच्यांना विचारा की त्यांना कुठे जायचंय.

अलास्कातल्या ज्यूनोहून आईला व्हिडिओ कॉल लावला, बर्फ दाखवला. तिने सगळं नीट बघितलं, थंडीचं विचारलं, जेवायचं विचारलं, आणि मग म्हणाली, "तो म्हापशाचा पोरगा भेटला का रे कुठे?" मी म्हटलं आई, तेरा वर्षं झाली, ही जहाजं वेगळी, त्याने केव्हाच सोडलं असेल, घर बांधायचं होतं ना त्याला. तर म्हणे, "असूदे, तिथे गोव्याचं कोणी असेल तर विचार हो."